निवृत्त क्रिकेटपटूंच्या सशुल्क स्वाक्षऱ्या: मागणी, मानधन आणि पुरावा

सशुल्क स्वाक्षरी म्हणजे निवृत्त खेळाडूने ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बसून, ठरलेले मानधन घेऊन संग्राहकांच्या वस्तूंवर केलेली सही. ही पद्धत रुजली अमेरिकेत, बेसबॉलमध्ये. १९८०च्या दशकात तिथे बेसबॉलच्या कार्डांची प्रदर्शने गावोगावी भरू लागली आणि गर्दी खेचण्यासाठी आयोजक जुन्या खेळाडूंना बोलावू लागले. खेळाडू टेबलामागे बसतो, पुढे रांग लागते. चेंडूवर सहीचा दर वेगळा, बॅटीवर वेगळा, सहीसोबत एखादे वाक्य लिहून हवे असेल तर त्याचा आणखी वेगळा. दरपत्रक दारावरच लावलेले असते. ज्यांना खेळताना फारसे पैसे मिळाले नाहीत अशा अनेकांना उतारवयात या टेबलाने हात दिला.

क्रिकेटमध्ये निवृत्त खेळाडूच्या हाती पैसा पोहोचवण्याच्या वाटा वेगळ्या होत्या. इंग्लंडमध्ये कौंटी खेळाडूंसाठी ‘बेनिफिट’चे वर्ष असते, त्या वर्षात सह्या केलेल्या छोट्या बॅटा आणि स्मरणिका विकून निधी उभा राहतो. शारजाहमध्ये १९८१पासून अब्दुल रहमान बुखातिर यांच्या क्रिकेटर्स बेनिफिट फंडातून भारत-पाकिस्तानच्या जुन्या खेळाडूंना थैल्या दिल्या गेल्या. आपल्याकडे १९८३चा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला क्रिकेट नियामक मंडळाकडे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्या निधीतून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. त्याआधीच्या पिढ्यांना तेवढेही मिळाले नाहीत. जून २०२२मध्ये मंडळाने निवृत्तिवेतन वाढवले. ज्या माजी कसोटीपटूंना महिना ३७,५०० रुपये मिळत होते त्यांना ६०,००० मिळू लागले. हा तपशील इथे देण्याचे कारण एवढेच की, ‘सहीचे पैसे कसले मागायचे’ हा मराठी घरांतला नेहमीचा सूर आहे. तो सूर बाजूला ठेवला तरच या विषयाची चर्चा पुढे सरकते. समोर बसून, उघडपणे मानधन देऊन घेतलेली सही ही फुकट मिळालेल्या आणि चार हात फिरून आलेल्या सहीपेक्षा संग्रहाच्या दृष्टीने केव्हाही सरस असते. ती कोणी केली, केव्हा केली आणि कशावर केली हे तिच्याबाबतीत सांगता येते.

आता सोलापूरच्या संग्राहकाकडे वळू; त्याला सुरुवात करायला गावाबाहेर बघावे लागत नाही. भारताचे माजी कर्णधार पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापुरात झाला. कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय. १९५५मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. ५९ कसोटी, ३,६३१ धावा, १२ शतके हा त्यांचा हिशेब. ७ नोव्हेंबर २००६ला ते गेले. त्यामुळे त्यांची सही आता फक्त विकत, भेट किंवा वारशाने मिळू शकते, आणि तिला जुन्या सहीचे सगळे नियम लागू होतात. ते पुढे येतील. हयात खेळाडूंसाठी पार्क मैदान, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियम, हीच पहिली जागा. जानेवारी २०२४मध्ये तिथे पुन्हा महाराष्ट्राचा रणजी सामना झाला. अशा सामन्याला पंच, सामनाधिकारी, निवड समितीचे सदस्य, प्रशिक्षक म्हणून कितीतरी निवृत्त खेळाडू येतात आणि त्यांच्याभोवती गर्दी नसते. गर्दी असते ती आयपीएल खेळलेल्या तरुणाभोवती. जाणता संग्राहक पॅव्हेलियनच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या सत्तरीच्या गृहस्थांकडे आधी जातो. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये २०२३मध्ये सोलापूर रॉयल्स हा संघ होता. या स्पर्धेचे सामने पुण्याजवळ गहुंजेला होतात. पाहुणे म्हणून येणाऱ्या जुन्या खेळाडूंना भेटण्याची संधी तिथेही असते.

संग्रहाचा विषय आधी ठरवावा. ‘सगळ्यांच्या सह्या’ हा विषय नव्हे. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, १९८३चा संघ, एखाद्या वर्षाचा दौरा, एकाच मैदानावर खेळलेले असा चौकोन आखला की पैसाही वाचतो आणि संग्रहाला आकार येतो. बाजारात नाव नसलेली सही कधी कधी फार मोलाची असते. भाऊसाहेब निंबाळकर भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. पण डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ होते आणि ब्रॅडमनच्या ४५२च्या विक्रमाची बरोबरी करायला नऊ धावा कमी असताना काठियावाडने सामनाच सोडून दिला. मराठी संग्राहकाच्या लेखी निंबाळकरांची सही असलेला साधा कागद हा दुकानात मिळणाऱ्या, काचेत बसवलेल्या बॅटीहून वरचढ ठरावा.

निवृत्त खेळाडूला विचारण्याची रीत असते. ओळखीच्या माणसाकडून किंवा क्लबच्या, जिल्हा संघटनेच्या मार्फत आधी निरोप जावा. फोन केला तर पहिल्याच वाक्यात ‘किती घ्याल’ असे विचारू नये. आपण कोण, कशाचा संग्रह करतो, किती वस्तूंवर सही हवी आहे, त्या विकणार आहोत की ठेवणार आहोत, हे सरळ सांगावे आणि मग ‘सर, आपल्या वेळेचे जे मानधन असेल ते सांगावे’ असे म्हणावे. विकण्याचा इरादा लपवणे हा या व्यवहारातला सर्वांत वाईट प्रकार. एकाच नावाची, एकाच प्रकारची पंधरा छायाचित्रे पिशवीतून निघाली की खेळाडूला काय ते कळतेच. पुष्कळ जुने खेळाडू मानधन घेतच नाहीत. अशा वेळी नुसता पेढ्याचा पुडा पुढे करून निघून येण्यापेक्षा त्यांच्या क्लबला किंवा ते चालवत असलेल्या मुलांच्या शिबिराला रक्कम द्यावी आणि पावती घ्यावी. सोलापूरकराला चादरीचा मोह आवरत नाही. चादर जरूर न्यावी, पण ती मानधनाच्या बदल्यात नव्हे.

ऐंशीच्या पुढच्या खेळाडूला सोलापुरात आणण्यापेक्षा संग्राहकाने पुण्या-मुंबईला जावे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुणे आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई हे सोलापूरकराच्या अंगवळणी पडलेले मार्ग आहेत. फेब्रुवारी २०२३पासून मुंबईसाठी वंदे भारतही आहे. प्रवास जमत नसेल तर टपालाने विनंती करता येते. हाताने लिहिलेले एक पानी पत्र, दोन कोरी पांढरी कार्डे आणि स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून ठेवलेले परतीचे पाकीट एवढे पुरते. मौल्यवान छायाचित्र किंवा घरातले जुने कात्रण टपालाने पाठवू नये. गहाळ झाले तर दोष कोणालाच देता येत नाही.

सही कशावर घ्यायची आणि कशाने, यात नवखे लोक सर्वांत जास्त चुकतात. कागदासाठी साधे बॉलपेन किंवा चांगल्या शाईचे पेन उत्तम. मार्करची शाई साध्या कागदावर फुटते आणि मागच्या पानापर्यंत उतरते. चकचकीत छायाचित्रावर मात्र बॉलपेन घसरते आणि नुसता चरा उमटतो, म्हणून तिथे बारीक टोकाचा परमनंट मार्कर लागतो. छायाचित्र गडद असेल, म्हणजे खेळाडूचा कोट काळा आणि मागे पॅव्हेलियनची सावली, तर काळी किंवा निळी सही दिसतच नाही. चंदेरी पेन हवे. तेही आधी हलवून, रद्दी कागदावर दोन रेघा ओढून मगच खेळाडूच्या हाती द्यावे. नाहीतर पहिला थेंब नेमका खेळाडूच्या चेहऱ्यावर पडतो. छायाचित्रावर हात फिरलेला असेल तर घामाचा तेलकटपणा शाई धरू देत नाही, म्हणून मऊ सुती कापडाने पृष्ठभाग पुसून घ्यावा. सही झाल्यावर ते दोन-तीन मिनिटे उघडे ठेवावे. लगेच प्लास्टिकच्या पाकिटात सरकवले की सहीचे पहिले अक्षर पाकिटाला चिकटून बाहेर येते.

बॅटीचे गणित आणखी निराळे. खेळायच्या बॅटीला तेल पाजलेले असते आणि तेलकट लाकडात शाई पसरते. त्यामुळे सहीसाठी बॅट घ्यायची तर तेल न लावलेली, वर पारदर्शक पट्टी न चिकटवलेली घ्यावी. पट्टीवरची सही पट्टीबरोबर निघून जाते. लाल चेंडूवरची लाखेची चकाकी कोणत्याच शाईला धड टिकू देत नाही. पांढऱ्या चेंडूवर सही जास्त स्पष्ट येते, पण कातडे पिवळे पडत जाते आणि सही त्यात बुडते. टोपी आणि टी-शर्ट यांवर सही घ्यायची तर आत पुठ्ठा घालून कापड ताणून धरावे. खरे तर जागा, खर्च आणि टिकाऊपणा या तिन्ही बाजूंनी पुस्तक सर्वांत चांगले. सुनील गावस्करांच्या १९७६च्या ‘सनी डेज’ची जुनी प्रत रद्दीच्या दुकानात मिळते, तिच्या पहिल्या पानावरची सही उजेडापासून आपोआप सुरक्षित राहते. स्कोअरकार्ड, सामन्याची स्मरणिका, तिकिटाचा अर्धा तुकडा हेही असेच. त्यांवर सामन्याची तारीख छापलेली असते आणि सहीला संदर्भ मिळतो.

सहीसोबत आपले नाव लिहून घ्यावे का, हा नेहमीचा प्रश्न. ‘चि. अमोलला शुभेच्छा’ असे लिहिले की पुनर्विक्रीची किंमत उतरते, हे खरे. पण घरात ठेवायची सही असेल तर नावासह घ्यावी. खेळाडूही मग मोकळेपणाने लिहितो, कारण ही वस्तू उद्या बाजारात जाणार नाही हे त्याला दिसते. तारीख आणि गाव लिहायची विनंती मात्र जरूर करावी. मराठी खेळाडूला देवनागरीत सही मागून पाहावी. बहुतेकांची सवयीची सही इंग्रजीत असते आणि देवनागरी सही करताना ते क्षणभर थांबतात. ती सही दुर्मीळ ठरते, पण तिची पडताळणी पुढे अवघड जाते, कारण ताडून पाहायला दुसरी नसते. म्हणून दोन्ही घ्याव्यात, एकाच कागदावर.

पुरावा सहीच्या क्षणीच तयार करावा लागतो. खेळाडू त्या वस्तूवर सही करतानाचे छायाचित्र, ज्यात चेहरा, हात आणि वस्तू तिन्ही एका चौकटीत येतील, हे सर्वांत भक्कम. त्यासाठी परवानगी आधी घ्यावी. त्यानंतर एका वहीत नोंद: तारीख, ठिकाण, वस्तू, पेनाचा प्रकार, दिलेले मानधन, सोबत कोण होते. मानधन ऑनलाइन दिले असेल तर त्याची पावती याच वहीत चिकटवावी. दुकानदार जे ‘अस्सलतेचे प्रमाणपत्र’ देतात ते म्हणजे शेवटी छापलेला कागद. तो कोणीही छापू शकतो. प्रमाणपत्रामागे उभा राहणारा माणूस किंवा संस्था कोण आहे, आणि सही बनावट निघाली तर पैसे परत देण्याचे लेखी वचन आहे का, एवढेच त्यात पाहायचे. अमेरिकेत पडताळणी करून देणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत, पण त्यांचा भर तिथल्या खेळांवर असतो.

बनावटीचा धोका किती, हे बेसबॉलच्याच उदाहरणावरून कळते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने तपास केला तेव्हा खोट्या सह्यांचा एक अख्खा कारखाना उघडकीला आला. त्या टोळीच्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही होते. गिऱ्हाईक काहीही घेते म्हटल्यावर करणारा काहीही करतो.

आपल्याकडे बनावट सही ओळखण्याची एक सोपी कसोटी टपाल तिकिटांत सापडते. भारतीय टपाल खात्याने १९९६मध्ये चार क्रिकेटपटूंवर तिकिटे काढली: दि. ब. देवधर, विजय मर्चंट, विनू मंकड आणि सी. के. नायडू. नायडू १९६७मध्ये, मंकड १९७८मध्ये, मर्चंट १९८७मध्ये आणि देवधर १९९३मध्ये निवर्तले होते. म्हणजे १९९६च्या प्रथम दिवस आवरणावर या चौघांपैकी कोणाचीही सही दिसली तर ती खोटी, मग विक्रेता कितीही गोड बोलो. उलट सचिन तेंडुलकरवरचे तिकीट १४ नोव्हेंबर २०१३ला, वानखेडेवर त्याची दोनशेवी कसोटी सुरू झाली त्याच दिवशी निघाले. त्या आवरणावरची सही खरी असू शकते. असू शकते, एवढेच.

पेनाचा प्रकारही साक्ष देतो. आज ज्याला आपण मार्कर म्हणतो तसे बारीक टोकाचे परमनंट मार्कर १९६०च्या दशकात बाजारात आले. ‘१९५२च्या दौऱ्यात घेतलेली’ म्हणून कोणी उम्रीगरांची मार्करने केलेली सही दाखवली तर ती कथा तिथेच संपते. मात्र उम्रीगर २००६पर्यंत हयात होते. जुन्या छायाचित्रावर त्यांनी उतारवयात मार्करने सही केलेली असू शकते. म्हणजे सही खरी आणि गोष्ट खोटी, असेही घडते, आणि किंमत गोष्टीप्रमाणे नव्हे तर सहीप्रमाणे द्यायची.

दहा पट मोठे करणारे भिंग घरात असावे. छापलेल्या सहीत बारीक ठिपके दिसतात. शिक्क्याच्या सहीत शाई कडांना जमते आणि दाब सगळीकडे सारखा असतो. हाताने केलेल्या सहीत वळणावर दाब बदलतो, शेवटचा फराटा हलका होत जातो. नक्कल करणारा हळू लिहितो. रेघ थरथरते, मधे पेन उचललेले दिसते. मात्र म्हाताऱ्या हाताचीही रेघ थरथरते, तेव्हा तुलना त्याच वयातल्या सहीशी करावी, विशीतल्या सहीशी नव्हे. संघाच्या सह्यांच्या कागदांबाबत वेगळी सावधगिरी लागते. दौऱ्यावर शेकडो कागद पुढे येत आणि कंटाळलेल्या सहकाऱ्याने दोन-चार नावे स्वतःच उरकून टाकणे हे घडत असे. अशा कागदावर सगळ्या सह्यांची तिरप आणि शाई सारखी दिसली तर थांबावे. नमुने ताडण्यासाठी पुण्यातले ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय उपयोगी आहे; सह्या केलेल्या बॅटा आणि खेळाडूंच्या वापरातल्या वस्तू तिथे जवळून पाहायला मिळतात.

किमतीबाबत वर्तमानपत्रांतल्या बातम्या दिशाभूल करतात. २०११च्या विश्वचषक अंतिम सामन्यातली धोनीची बॅट त्याच वर्षी लंडनच्या लिलावात एक लाख पौंडांना गेली. ऑगस्ट २०२४मध्ये के. एल. राहुल आणि अथिया शेट्टी यांनी भरवलेल्या धर्मादाय लिलावात विराट कोहलीच्या जर्सीला ४० लाख रुपये मिळाले. हे आकडे नुसत्या सहीचे नाहीत. वस्तू मैदानावर वापरलेली होती, मालकी निर्विवाद होती आणि रक्कम समाजकार्यासाठी होती. दुकानातून आणलेल्या कोऱ्या बॅटीवर त्याच खेळाडूची सही घेतली तर तिचा या आकड्यांशी काही संबंध नसतो. गुंतवणूक म्हणून सह्या घेणाऱ्याने सोने घ्यावे.

सोलापुरातली एखादी संस्था नाणी-तिकिटांच्या प्रदर्शनात किंवा हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात सशुल्क स्वाक्षरीचा कार्यक्रम करणार असेल तर लेखी करार हवा. किती तास, किती वस्तू, कोणत्या प्रकारच्या, मानधन किती, ते केव्हा, प्रवास-मुक्काम कोणाकडे, आणि जाहिरातीत खेळाडूचे छायाचित्र वापरायची परवानगी, हे सगळे एका पानात मावते. वयस्क खेळाडूला अर्ध्या तासाने विश्रांती, हाताला टेकण मिळेल अशा उंचीचे टेबल आणि चहाचा कप वस्तूंपासून दूर. दरपत्रक दारावर मोठ्या अक्षरांत लावावे. रांगेत उभे राहून पुढे गेल्यावर दर कळला की माणूस चिडतो आणि अवघडतो तो खेळाडू. शाळकरी मुलांसाठी सुरुवातीचा थोडा वेळ विनामूल्य ठेवावा. मुले साध्या वहीवर सही घेतात, त्यांना तेवढेच हवे असते.

पैसे रोखीत, पाकिटात देऊ नयेत. अमेरिकेत बेसबॉलपटू पीट रोज १९९०मध्ये तुरुंगात गेला तो करचुकवेगिरीमुळे. सह्या आणि संग्राह्य वस्तूंची कमाई त्याने दाखवली नव्हती. १९९५मध्ये ड्यूक स्नायडर आणि विली मकोव्ही या बेसबॉलच्याच दोन दिग्गजांनी प्रदर्शनांतल्या कमाईवरचा कर बुडवल्याची कबुली दिली. मानधन हे उत्पन्नच असते. टीडीएस कापायचा की नाही, किती, हे संस्थेच्या सनदी लेखापालाला कार्यक्रमाआधी विचारावे आणि रक्कम खात्यात जमा करावी. त्यात खेळाडूचाही मान राहतो.

सही घरी आल्यावर सोलापूरचे ऊन हा तिचा मुख्य शत्रू. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या किंवा थेट गच्चीखालच्या खोलीत त्याहून वाईट स्थिती असते. मार्करची शाई प्रकाशाने उडते. निळी सही पश्चिमेच्या भिंतीवर टांगली तर काही वर्षांत तिची जांभळट छटा उरते. भिंतीवर उत्तम छायाप्रत लावावी आणि मूळ वस्तू कपाटात ठेवावी. काचेत लावायचेच असेल तर छायाचित्र आणि काच यांच्यात पुठ्ठ्याची चौकट ठेवून अंतर राखावे. लॅमिनेशन कधीही करू नये. ते उलटवता येत नाही. पीव्हीसीची स्वस्त पाकिटे उन्हाळ्यात चिकटतात, त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनची घ्यावीत. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि कसर व वाळवी यांसाठी दर दोन महिन्यांनी पेटी उघडून पाहावी.

जुन्या वस्तू परदेशी गिऱ्हाइकाला विकण्यापूर्वी कायदा तपासावा लागतो. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीची ऐतिहासिक मोलाची हस्तलिखिते व कागदपत्रे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. निंबाळकरांच्या १९४८च्या सामन्याचा सह्या असलेला एखादा कागद आज या वयोमर्यादेत बसतो. तो पुरावशेष ठरतो की नाही, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयातून लेखी घेतल्याशिवाय पार्सल करू नये. देशात विकताना किंवा मुलांच्या नावे करताना नोंदवही आणि छायाचित्रे वस्तूसोबतच द्यावीत.